सोमल, तांब्याची पट्टी आणि फासाचा दोर

सोनाराच्या तागडीतली एक गुंज घ्या. वजन साधारण १२० मिलिग्रॅम. व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या वैद्यकाच्या पुस्तकांत सोमलाचं जीवघेणं प्रमाण दोन ग्रेन असं छापलेलं असायचं, म्हणजे गुंजेपेक्षा जेमतेम तिळभर जास्त. सोमल म्हणजे आर्सेनिकचं एक संयुग, पांढरी, पिठासारखी पूड. वास नाही, चव जवळजवळ नाही. १८५१ पर्यंत ती तिथे वाण्याच्या दुकानात साबण-मेणबत्त्यांच्या शेजारी पेनी-दोन पेनीला मिळायची. उंदीर, ढेकूण, मेंढ्यांच्या अंगावरची कीड, कशासाठी म्हणून विचारायची कोणाला गरज वाटत नव्हती.

पोटात गेल्यावर होणारा त्रास असा: वांत्या, जुलाब, पायांत पेटके, घशाची आग. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लक्षणं याहून वेगळी नाहीत, आणि इंग्लंडमध्ये १८३१-३२, १८४८-४९, १८५३-५४ आणि १८६६ या चारही वेळा पटकीनं थैमान घातलं होतं. साथ नसतानाही गरिबांच्या वस्तीत दूषित पाण्यामुळे पोटाचे विकार रोजचेच. डॉक्टर रोग्याला एकदा बघून जायचा आणि मेल्यावर दाखल्यावर ‘जठराचा ताप’ असं लिहून द्यायचा. घरात चार माणसं पाठोपाठ गेली तरी शेजारी हळहळायचे, संशय घेत नसत.

त्या काळावर बेतलेल्या रहस्यकथांचा साचा आपल्याला पाठ आहे. एकामागून एक खून पडतात, हुशार गुप्तहेर धागा पकडतो, आणि शेवटी कळतं की सगळ्याच्या मुळाशी एक जुना, कोणी न भरून काढलेला अन्याय आहे. खऱ्या खटल्यांत हे दोन्ही घटक होते, साखळी खूनही आणि अन्यायही. मात्र ते उलगडले, आणि बऱ्याचदा आणखी गुंतले, ते एका काचेच्या नळीमुळे आणि एका तांब्याच्या पट्टीमुळे. त्यांचं काम कसं चालायचं आणि कुठे फसायचं, हे एकदा कळलं की त्या काळचे निकाल वेगळ्याच नजरेनं वाचता येतात.

काळी पडलेली सुरी

आधी व्हिक्टोरिया राणी गादीवर येण्यापूर्वीचा एक खटला, कारण पुढची कित्येक दशकं लोक त्याचं नाव काढत राहिले. मार्च १८१५, लंडनमधली चान्सरी लेन. टर्नर नावाच्या कुटुंबाकडे एलायझा फेनिंग ही विशीतली स्वयंपाकीण होती. तिनं केलेले कणकेचे उकडलेले गोळे खाऊन घरातली माणसं आजारी पडली. तिनं स्वतःही खाल्ले आणि तीही आजारी पडली. मेलं कोणीच नाही.

पुरावा काय? गोळे फुगले नव्हते, आणि ते कापताना सुऱ्या काळ्या पडल्या होत्या. घरी बोलावलेल्या डॉक्टरानं कोर्टात सांगितलं की हे सोमलामुळेच. सोमलानं लोखंडी सुरी अशी काळी पडत नाही. उंदरांसाठी आणलेलं सोमल त्या घरात उघड्या खणात पडलेलं असायचं, तिथे कोणाचाही हात पोचत होता. तरी विष घालून मारण्याच्या प्रयत्नालाही तेव्हा देहदंडच होता, आणि २६ जुलै १८१५ रोजी तिला फाशी दिलं. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले.

सोमल ओळखण्याची खात्रीची रीत असती तर ती वाचली असती का, हे सांगणं कठीण. पण सुरीच्या रंगावर फाशी गेली नसती, एवढं नक्की.

मार्शची नळी

जेम्स मार्श हा वुलिचच्या सरकारी शस्त्रागारातला रसायनतज्ज्ञ. १८३० नंतरच्या काही वर्षांत त्याच्याकडे एका म्हाताऱ्याच्या मृत्यूचं प्रकरण आलं. कॉफीतून विष दिल्याचा संशय नातवावर, जॉन बोडलवर होता. मार्शनं तेव्हाच्या रीतीनं द्रवात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला, पिवळा साका बसला, सोमल सिद्ध झालं. पण खटला उभा राहीपर्यंत त्या साक्याचा रंग बिघडला. पंचांपुढे, म्हणजे ज्यूरीपुढे, ठेवायला मार्शकडे उरला तो गढूळ द्रव. नातू सुटला. चिडलेल्या मार्शनं ठरवलं की पंचांना डोळ्यांनी दिसेल आणि महिनोन्महिने टिकेल असा पुरावा हवा. १८३६ मध्ये त्यानं आपली रीत प्रसिद्ध केली.

ती अशी. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी. तिच्या एका बाजूला जस्ताचा तुकडा, वर विरळ गंधकाम्ल. या दोहोंमुळे हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. त्यातच संशयित द्रव घालायचा. सोमल असेल तर हायड्रोजन त्यातलं आर्सेनिक उचलतो आणि आर्साइन नावाचा वायू होतो. नळीच्या बारीक तोंडाशी हा वायू पेटवायचा आणि ज्योतीत गार चिनी मातीची बशी धरायची. बशीवर चकाकता, तपकिरी-काळा डाग उमटतो. हे शुद्ध आर्सेनिक. पुढे बर्झेलियस या स्वीडिश रसायनतज्ज्ञानं यात सुधारणा केली: वायू पेटवण्याआधी लांब काचनळीतून न्यायचा आणि ती नळी बाहेरून तापवायची, म्हणजे आतल्या भिंतीवर आरशासारखा थर जमतो. तो तोलता येतो, नळीची दोन्ही तोंडं वितळवून बंद करता येतात, आणि कोर्टात पंचांच्या हातात देता येतो. मिलिग्रॅमच्या पन्नासाव्या भागाइतकं आर्सेनिकही त्यात दिसतं.

इथे एक सांगायला हवं. आर्साइन हा वायू स्वतःच जबर विषारी आहे. म्युनिकचा रसायनतज्ज्ञ गेलेन १८१५ मध्ये, म्हणजे एलायझाच्या फाशीच्याच वर्षी, तो हुंगल्यामुळे मेला.

रीत जितकी बारीक, तितकी ती फसवीही. पहिली अडचण जस्ताचीच. खाणीतून येणाऱ्या जस्तात आर्सेनिक असतं, आणि स्वस्त गंधकाम्लातही. म्हणजे तपासणाऱ्यानं आणलेल्या सामानातूनच डाग उमटू शकतो. यावर उपाय एकच: आधी नुसतं जस्त आणि आम्ल घालून नळी बराच वेळ चालवायची, बशी कोरी राहिली तरच नमुना घालायचा. घाईतला डॉक्टर नेमकी हीच पायरी गाळायचा. दुसरी अडचण म्हणजे फेस. जठरातला ऐवज किंवा यकृताचा लगदा तसाच घातला तर नळीत साबणासारखा फेस चढतो आणि ज्योत विझते, म्हणून आधी मांस आम्लात उकळून पार विरघळवावं लागतं. तिसरी अडचण अँटिमनी या दुसऱ्या मूलद्रव्याची. त्याचाही असाच काळा डाग पडतो, आणि उलटी करवण्यासाठी डॉक्टर तेव्हा सर्रास अँटिमनीचं औषध देत. दोन्हींतला फरक ओळखायला डागावर विरंजक द्रावणाचा थेंब टाकतात. आर्सेनिकचा डाग विरघळून जातो, अँटिमनीचा तसाच राहतो.

आणि एक मुद्दा मातीचा. काही दफनभूमींच्या मातीतच आर्सेनिक असतं. म्हणून उकरलेल्या प्रेतासोबत शवपेटीच्या वरची, खालची आणि थोडी दूरची अशी मातीही वेगवेगळ्या बरण्यांत घ्यावी लागते. पेटी फुटून पाणी आत शिरलं असेल तर बचावाचा वकील पहिला प्रश्न मातीचाच विचारणार.

आर्सेनिक हे मूलद्रव्य असल्यामुळे ते कुजत नाही. वनस्पतिजन्य विषं प्रेताबरोबर हळूहळू नाहीशी होतात, हे मात्र वर्षानुवर्षं यकृतात, हाडांत, केसांत राहतं. म्हणूनच जुने, विसरलेले मृत्यू पुन्हा उकरून काढणं शक्य झालं. कथांमध्ये ज्याला ‘भूतकाळ बाहेर येणं’ म्हणतात, त्यामागे रसायनशास्त्राची ही साधी गोष्ट आहे.

बाटली नंबर २१

मार्शच्या नळीला सराव लागतो. गावच्या डॉक्टरासाठी १८४१ मध्ये ह्यूगो राइन्श या जर्मन माणसानं सोपी रीत काढली. नमुन्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, त्यात घासून लख्ख केलेली तांब्याची पट्टी किंवा जाळी सोडायची आणि उकळायचं. आर्सेनिक असेल तर तांब्यावर करडा-काळा लेप चढतो. पट्टी धुऊन, वाळवून बारीक काचनळीत तापवली की वरच्या गार भागात पांढरे स्फटिक जमतात. भिंगाखाली ते आठ पैलूंचे दिसले की सोमल ठरलं. दिवा, नळी, तांबं आणि आम्ल, एवढ्यावर काम भागतं.

पण या रीतीनं एका माणसाला जवळजवळ फासावर चढवलं. मे १८५९ मध्ये रिचमंडला इझाबेला बँक्स ही स्त्री पोटाच्या त्रासानं मेली. डॉ. थॉमस स्मेथर्स्टनं पहिली बायको जिवंत असताना तिच्याशी लग्न केलं होतं आणि तिचं मृत्युपत्र त्याच्या नावे होतं. माणूस कोणाला आवडावा असा नव्हताच. तपासणी आली आल्फ्रेड स्वेन टेलर यांच्याकडे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले हे प्राध्यापक म्हणजे विषशास्त्रातले इंग्लंडचे पहिल्या क्रमांकाचे अधिकारी. घरातून जप्त केलेल्या २१ नंबरच्या बाटलीत सोमल सापडल्याचं त्यांनी सांगितलं.

त्या बाटलीत पोटॅशियम क्लोरेट होतं, तेव्हाचं एक साधं औषध. क्लोरेट आणि आम्ल एकत्र आले की तांबं विरघळतं. टेलरनी एक जाळी घातली, ती विरघळली. दुसरी घातली, तीही गेली. असं करत क्लोरेट संपलं, आणि मग शेवटच्या तांब्यावर काळा लेप चढला. तो आर्सेनिकचाच होता, पण बाटलीतला नव्हता. विरघळून गेलेल्या तांब्यातलं अशुद्ध आर्सेनिक बाहेर पडून शेवटच्या तुकड्यावर बसलं होतं. तपासणाऱ्यानं स्वतःच्याच हातानं नमुन्यात विष घातलं होतं म्हणायचं. हीच जाळी टेलर वर्षानुवर्षं वापरत आले होते, त्यामुळे आधीच्या खटल्यांचं काय, हा प्रश्न डॉक्टरांच्या नियतकालिकांनी उचलला आणि तो रास्तच होता.

चूक टेलरनी कोर्टात कबूल केली. शरीरात सोमल सापडलं नव्हतं, आणि बाई गरोदर होती, म्हणजे सततच्या वांत्यांना दुसरं कारणही होतं. तरीही पंचांनी स्मेथर्स्टला दोषी धरलं आणि फाशी सुनावली गेली. वरचं न्यायालय नव्हतंच. गृहमंत्री जॉर्ज कॉर्नवॉल लुइस यांनी कागदपत्रं सर बेंजामिन ब्रोडी या नावाजलेल्या शल्यवैद्याकडे पाठवली. गुन्ह्याचा पूर्ण पुरावा नाही, असं ब्रोडींचं मत आलं आणि राणीच्या नावे क्षमा मिळाली. न केलेल्या, निदान सिद्ध न झालेल्या खुनाबद्दल ‘क्षमा’! लगोलग दोन बायका केल्याच्या गुन्ह्यात त्याला एक वर्षाची कैद झाली, आणि सुटून आल्यावर त्यानं कोर्टात जाऊन इझाबेलाचं मृत्युपत्र वैध ठरवून घेतलं.

बरणीचा प्रवास

प्रयोग बिनचूक झाला तरी नमुना तिथपर्यंत नीट पोचायला हवा. १८५५ च्या रुजली गावच्या प्रकरणात काय झालं बघा. डॉ. विल्यम पामर हा घोड्यांच्या शर्यतीत कर्जबाजारी झालेला, आणि त्याच्या अवतीभवती बायको, भाऊ अशा विमा उतरवलेल्या माणसांचे मृत्यू साचलेले. जॉन कुक या मित्राच्या प्रेताची चिरफाड चालू असताना संशयित पामर स्वतः खोलीत हजर! जठर कापणाऱ्याला त्याचा धक्का लागला, आतला ऐवज सांडला. मग जठराची बरणी जागेवर दिसेना. ती खोलीच्या दुसऱ्या दाराजवळ पामरच्या हातात सापडली, आणि तोंडावर बांधलेल्या चामड्याला दोन चिरा होत्या. बरण्या स्टेशनावर नेणाऱ्या गाडीवानाला, गाडी वाटेत उलटव, दहा पौंड देतो, असं त्यानं सांगितलं. गावचा पोस्टमास्तर टेलरचं पत्र फोडून त्यातला मजकूर पामरला कळवत होता.

कुकला स्ट्रिकनिन हे विष दिल्याचा संशय होता. टेलरना ते सापडलं नाही, थोडं अँटिमनी तेवढं सापडलं. तरी परिस्थितिजन्य पुराव्यावर पामर १४ जून १८५६ ला फासावर गेला. मोहोर लावणं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेणं, बरणी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली हे लिहून ठेवणं, असल्या आज रुक्ष वाटणाऱ्या मुद्देमालाच्या नियमांना अशा बरण्यांचा इतिहास आहे.

वेस्ट ऑकलंडचं घर

आता साखळी खुनांचं खरं प्रकरण. मेरी अ‍ॅन कॉटन, जन्म १८३२, डरहॅम परगण्यातल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात. पहिला नवरा विल्यम मोब्रे १८६५ मध्ये पोटाच्या विकारानं मेला, विम्याचे ३५ पौंड आले. दुसरा जॉर्ज वॉर्ड १८६६ मध्ये गेला. तिसरा जेम्स रॉबिन्सन जगला, कारण विमा उतरवायला त्यानं साफ नकार दिला आणि पैशांची अफरातफर कळल्यावर तिला घराबाहेर काढलं. रॉबिन्सनशी काडीमोड न घेताच तिनं १८७० मध्ये फ्रेडरिक कॉटनशी लग्न लावलं. तो १८७१ मध्ये गेला. १८७२ च्या मार्च-एप्रिलमध्ये त्याचा मुलगा, तिचं तान्हं बाळ आणि जोसेफ नॅट्रास हा तिचा प्रियकर, असे तिघं पाठोपाठ. मधल्या काळात तिची बहुतेक सगळी मुलं आणि सावत्र मुलंही गेली होती. एकूण बळी वीस-एकवीस असावेत असं मानतात.

वीस मृत्यूंत कोणालाच कसं कळलं नाही? ती गाव बदलायची, आडनाव बदलायची, डॉक्टर बदलायची. मृत्यूची सरकारी नोंद १८३७ पासून होती, पण डॉक्टरचा दाखला सक्तीचा झाला तो १८७४ च्या कायद्यानं. एका गावच्या रजिस्टरातली नोंद दुसऱ्या गावच्या नोंदीशेजारी ठेवून बघणारं कोणीच नव्हतं. डॉक्टरला संशय आला तरी कोरोनरकडे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाणं म्हणजे गावात वाईटपणा घेणं.

तिला पकडलं ते कोण्या गुप्तहेरानं नव्हे. थॉमस रायली हा परगण्याच्या गरीबखात्याचा वेस्ट ऑकलंड गावातला माणूस. मेरी तेव्हा तिथेच राहत होती. जुलै १८७२ मध्ये सात वर्षांच्या चार्ल्स एडवर्ड या सावत्र मुलाला अनाथ-गरीबांच्या आश्रमात ठेवता येईल का, असं तिनं त्याला विचारलं. आई सोबत आली तरच, असं तो म्हणाला. त्यावर ती बोलून गेली की हा काही फार दिवस त्रास देणार नाही, बाकीच्या कॉटनांसारखा हाही जाईल. आठवडाभरात, १२ जुलैला, पोरगा गेल्याचं रायलीला कळलं. तो थेट पोलिसांकडे आणि डॉक्टरकडे गेला. दाखला अडवून ठेवा, म्हणाला.

डॉ. किलबर्ननी चौकशीच्या आधी मिळाला तेवढ्या वेळात घाईघाईनं प्रेत तपासलं. पंचांनी ‘नैसर्गिक मृत्यू’ असा निकाल दिला. प्रकरण इथेच मिटलं असतं, पण डॉक्टरांनी एक गोष्ट केली: जठरातला ऐवज टाकून न देता बाटलीत ठेवला. बाकी अवयव त्यांनी आपल्या बागेत पुरले होते. कुलूप नाही, मोहोर नाही. चार-पाच दिवसांनी त्यांनी राइन्शची पट्टी उकळली. ती काळी पडली. १८ जुलैला मेरी अ‍ॅनला अटक झाली.

मग पुरलेला मुलगा वर काढला, आणि हळूहळू नॅट्रास, थोरला मुलगा आणि तान्हं बाळ असे आणखी तिघं. लीड्सच्या वैद्यकीय शाळेतले थॉमस स्कॅटरगुड यांनी तपासणी केली. चारही शरीरांत सोमल होतं. फ्रेडरिक कॉटनची कबर मात्र खणाखणी करूनही सापडली नाही. गरिबांच्या थडग्यांवर नावं कुठली असणार!

सोमल आलं कुठून? ढेकणांसाठी मऊ साबणात कालवलेलं सोमल मिळायचं. मेरी अ‍ॅननं ते आणायला त्याच मुलाला धाडलं. १८५१ च्या कायद्यानुसार सज्ञान माणसाशिवाय सोमल विकायला बंदी होती, म्हणून औषधवाल्यानं मुलाला परत पाठवलं. मग एका शेजारणीनं ते आणून दिलं. तोच कायदा असंही सांगत होता की विक्री वहीत नोंदवायची, गिऱ्हाइकाची सही घ्यायची, अनोळखी असेल तर ओळखीचा साक्षीदार हवा, आणि किरकोळ विकताना दर पौंडामागे निदान एक औंस काजळी किंवा अर्धा औंस नीळ मिसळायची, म्हणजे पूड पिठासारखी पांढरी दिसणार नाही. कायद्याच्या मसुद्यात बायकांना सोमल विकूच नये, असंही कलम घुसवलं होतं. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी त्याविरुद्ध थेट गृहमंत्र्यांना लिहिलं आणि ते गळलं.

खटला डरहॅमला ५ ते ७ मार्च १८७३ असा चालला. बचाव होता भिंतीवरच्या कागदाचा. हिरव्या रंगाच्या कागदांत तेव्हा सोमलयुक्त रंग असायचा, त्याची धूळ मुलाच्या पोटात गेली असेल, असं तिचा वकील म्हणाला. हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. असल्या कागदांमुळे माणसं आजारी पडत, आणि १८९० च्या दशकात इटलीत गोझिओनं दाखवून दिलं की ओलसर भिंतीवरची बुरशी त्या रंगातून विषारी वायू सोडते.

पण वकिलानं ‘अपघात’ हा शब्द उच्चारला आणि फिर्यादी पक्षाला दार उघडून मिळालं. हा कायद्याचा बारकावा नीट समजून घेण्यासारखा आहे. खटला एकाच खुनाचा असतो. ‘हिनं आणखी माणसं मारली, म्हणजे हाही खून हिचाच’ असं म्हणायला मुभा नसते, कारण पंचांची मनं कलुषित होतात. मात्र आरोपी ‘अपघात झाला’ असं म्हणत असेल, तर तो योगायोग किती वेळा घडला हे दाखवता येतं. एका घरात एकदा धूळ पोटात गेली, मान्य. चार महिन्यांत चौघांच्या? १८४९ च्या मेरी अ‍ॅन गीअरिंग खटल्यात हा पायंडा पडला होता, न्यायमूर्ती आर्चिबाल्ड यांनी तोच धरला. पुढे १८९४ मध्ये सिडनीच्या मेकिन दांपत्याच्या प्रकरणात, जिथे अंगणातून तान्ह्या मुलांची प्रेतं निघाली होती, वसाहतींतली अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं हे तत्त्व पक्कं केलं.

२४ मार्च १८७३ रोजी डरहॅमच्या तुरुंगात तिला फाशी दिलं. जल्लाद कॅलक्राफ्ट आखूड दोर वापरायचा. तिची मान मोडली नाही, ती काही मिनिटं गुदमरत राहिली.

ती निर्दोष होती असं आम्हाला वाटत नाही. पण खटला नीट चालला असंही म्हणवत नाही. तिचा वकील खटल्याच्या काही दिवस आधी नेमला गेला, पहिली बाटली कुलपाबाहेर पडून होती, आणि ती स्वतः एक शब्दही शपथेवर बोलू शकत नव्हती. इंग्लंडमध्ये गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला सरसकट स्वतःची साक्ष द्यायची मुभा १८९८ च्या कायद्यानं आली, तोवर त्याचं तोंड बंद. आणि दोषी ठरल्यावर वस्तुस्थितीवर अपील करायला न्यायालयच नव्हतं.

बडोद्याचं सरबत

हाच पुरावा आपल्याकडेही एका मराठी गादीच्या मुळावर आला. ९ नोव्हेंबर १८७४ ला बडोद्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, मळमळलं म्हणून उरलेलं फेकलं, आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीच्या डॉ. सीवर्डनी तो तपासून मुंबईच्या सरकारी रसायन-परीक्षकाकडे, डॉ. ग्रे यांच्याकडे पाठवला. गाळात सोमल, आणि सोबत हिऱ्याची पूड असल्याचा निष्कर्ष आला. मुंबईचे पोलीस कमिशनर सूटर बडोद्यात तळ ठोकून बसले. रेसिडेन्सीतल्या रावजी हवालदाराच्या पट्ट्यात पुडी सापडली, तो आणि महाराजांचे चिटणीस दामोदरपंत माफीचे साक्षीदार झाले, आणि त्यांनी बोट दाखवलं ते थेट बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांकडे.

इथे तपासणीबद्दल वाद फारसा नव्हता. पेल्यात सोमल होतं. पण ते महाराजांच्या सांगण्यावरून घातलं हे सांगणारे सगळे स्वतःची मान सोडवायला बसलेले. विलायतेहून आणलेले सार्जंट बॅलंटाइन हे बॅरिस्टर उलटतपासणीत नेमकं याच जागी घाव घालत राहिले. सहा जणांच्या आयोगात मतं तीन विरुद्ध तीन अशी पडली: इंग्रज सदस्यांच्या मते आरोप सिद्ध, जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांच्या मते नाही. सरकारनं एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं, पण कारण दिलं गैरकारभाराचं. विषाच्या आरोपाचा आधार घेतला नाही. त्यानंतर कवळाण्याहून आणलेला मुलगा सयाजीराव म्हणून गादीवर बसला.

शरीरात होतं, पण किती?

शेवटचा मोठा खटला १८८९ चा, लिव्हरपूलचा. फ्लॉरेन्स मेब्रिक या तरुण अमेरिकन बाईनं माश्या मारायचे सोमल लावलेले कागद पाण्यात भिजवले होते. चेहऱ्याच्या लेपासाठी, असं ती म्हणत होती. नवरा जेम्स मेला. त्याच्या शरीरात सोमल सापडलं, पण जीव जाईल इतकं नव्हे. शिवाय तो स्वतःच ताकदीचं औषध म्हणून वर्षानुवर्षं सोमल घ्यायचा. तेव्हा डॉक्टरही सोमलाचं द्रावण ‘फाउलरचं औषध’ म्हणून लिहून देतच. म्हणजे मार्शच्या नळीनं ‘आहे’ म्हटलं, तरी ‘कोणी दिलं’ आणि ‘त्यानंच मेला का’ हे दोन्ही प्रश्न तसेच.

न्यायमूर्ती स्टीफन यांनी पंचांना समजावताना तिच्या चारित्र्यावरच जास्त तोंडसुख घेतलं. फाशी सुनावली गेली. गृहमंत्र्यांनी ती रद्द करून जन्मठेप दिली आणि कारण असं दिलं: विष देण्याचा प्रयत्न दिसतो, पण मृत्यू विषानंच झाला याबद्दल शंका आहे. वाचून पुन्हा वाचावं असं हे वाक्य आहे. विषप्रयोगाच्या प्रयत्नाचा आरोप तिच्यावर ठेवलेलाच नव्हता! ती १९०४ मध्ये सुटली.

त्याच वर्षी अ‍ॅडॉल्फ बेकचं प्रकरण फुटलं. चुकीच्या ओळखीवर बायकांना फसवल्याच्या गुन्ह्यात तो १८९६ पासून पाच वर्षं तुरुंगात होता, पुन्हा पकडला गेला आणि मग खरा भामटा सापडला. या ओरड्यानंतर १९०७ मध्ये फौजदारी अपिलाचं न्यायालय स्थापन करणारा कायदा झाला.

या काळावर कोणाला कथा लिहायची असेल तर आधी साल ठरवावं. १८३६ च्या आधीचा डॉक्टर सोमल खात्रीनं दाखवू शकत नाही. १८५१ नंतर दुकानदाराकडे सहीची वही असते, आणि धागा तिथेच सापडतो. १८५९ नंतरच्या वकिलानं तांब्याच्या शुद्धतेबद्दल विचारलं नाही, तर तो वकील कच्चा. १८९८ च्या आधी आरोपीच्या तोंडी पिंजऱ्यातली बाणेदार साक्ष घालू नये. आणि नायकाला बापावरचा जुना अन्याय कोर्टात धुऊन काढायचा असेल, तर १९०८ च्या आधी त्याला जायला कोर्टच नाही. गृहखात्यात अर्ज द्यायचा, आणि कारकुनानं त्यावर आवक क्रमांक टाकला की घरी येऊन वाट बघायची.